सुई, थुंकी आणि इमिप्रामिन

आमच्या ऑफिसात तोंडाला कोरड पडणं ही गंभीर बाब धरत नाहीत. मैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका मोठ्या इमारतीत बसून मी औषधांच्या तक्रारी वाचते. जगात कुठेतरी कुणीतरी गोळी घेतं, त्याला काहीतरी होतं, त्याचा डॉक्टर ते लिहून पाठवतो आणि ते फिरत फिरत माझ्या स्क्रीनवर येतं. तक्रार गंभीर की साधी, हे मी ठरवायचं. माणूस दगावला, दवाखान्यात भरती झाला, कायमचा अधू झाला, तर गंभीर. तोंड कोरडं पडलं, हात थरथरला, जवळचं धूसर दिसलं, तर साधी. ही विभागणी मी वर्षानुवर्षं करत आले आहे आणि ती बरोबरच आहे. मेलेल्या माणसाच्या पंक्तीला कोरडं तोंड कसं बसवणार?

मग ते कोरडं तोंड आमच्या घरी राहायला आलं.

आम्ही मैसूरचे मराठी. आमचे पूर्वज इथे कुणाबरोबर आणि कशासाठी आले यावर आमच्याकडच्या दर लग्नात वाद होतो आणि दर लग्नात नवं उत्तर निघतं. आधी ते रंगारी होते, कापड रंगवायचे. पुढे शिंपी झाले, एवढं मात्र सगळ्यांना मान्य आहे. घरात मराठी बोलतो, पण अर्ध्या वाक्यात कन्नड शिरतं. पुण्याहून आलेली माझी एक सहकारी म्हणते, तुमची मराठी किती गोड वाटते गं! ती हे बोलली की माझं डोकं फिरतं. आमच्या बोलण्यात गोड काय आहे ते तिने एकदा माझ्या आईच्या तोंडून दोन वाक्यं ऐकून ठरवावं.

लष्कर मोहल्ल्यात अप्पांचं दुकान आहे. अप्पा म्हणजे माझे वडील. कोट आणि शेरवानी ही त्यांची खासियत. मशीन त्यांचा धाकटा भाऊ, माझा काकाही चालवतो, पण कापणं आणि हाताची काजं अप्पांची. कोटाचं काज हाताने करणारे आता शहरात किती उरले असतील कोण जाणे. अप्पा सुई ओवायचे ते बघण्यासारखं असायचं. दोऱ्याचं टोक ओठांतून एकदा ओढलं, बोटांत चपटं केलं, आणि बोलता बोलता दोरा नेढ्यातून पार. खाली बघायचेही नाहीत.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अप्पा बसून राहायला लागले. कापायच्या टेबलावर कापड पसरलेलं, हातात खडू, आणि खडू काही कापडाला लागत नाही. कारण विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालं. कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, धंदा बरा चालला होता. आईने आधी आळस म्हटलं, मग दृष्ट काढली, मग साखर तपासून आणली. अप्पा जेवायचे नाहीत, पहाटे उठून भिंतीकडे बघत बसायचे. एके दिवशी आईला म्हणाले, "मला आता साकु झालं." साकु म्हणजे पुरे. जेवताना वाढप्याला म्हणतात तसं म्हणाले, आणि आई तशीच त्यांना घेऊन डॉक्टरकडे गेली.

आधी नव्या गोळ्या झाल्या. एकीने पोट बिघडलं, दुसरीने काहीच घडलं नाही. मग डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढून घेतला आणि जुनं औषध लिहून दिलं, इमिप्रामिन. मी चिठ्ठी वाचली आणि चकितच झाले. कॉलेजात हे औषध आम्हाला इतिहासासारखं शिकवलं होतं, पणजोबांच्या फोटोसारखं. आता तो फोटो भिंतीवरून उतरून आमच्या ताटाशी येऊन बसला होता.

अप्पांना गोळ्यांचा भरवसा नव्हता. म्हणून त्यांच्यासमोर बसून मी त्या औषधाची गोष्ट सांगितली, लहान मुलाला सांगतात तशी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे युरोपात रसायनवाले कापडासाठी निळे रंग शोधत होते. त्या खटाटोपात एक रेणू हाती लागला. रंगाच्या कामात तो फारसा टिकला नाही आणि पन्नासेक वर्षं कपाटात पडून राहिला. मग औषधवाल्यांनी तो बाहेर काढला, त्याला इकडे शेपूट तिकडे बाही लावून नवनवी रूपं केली. त्यांना हवं होतं शिंका आणि खाज थांबवणारं, झोप आणणारं काहीतरी. त्यांतलं एक रूप वेडाच्या भरातल्या रोग्यांना शांत करील म्हणून स्वित्झर्लंडमधल्या एका इस्पितळात दिलं. शांत कसले, त्यांतले काही जण उलट जास्तच उसळले. औषध पडलं. पण तिथल्या डॉक्टरने ते फेकून न देता खिन्न होऊन बसलेल्या रोग्यांना देऊन पाहिलं, आणि महिनोन्‌महिने न बोललेली माणसं उठून न्याहारी मागायला लागली.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्या महिन्यांत त्यांनी इतकं नीट काही ऐकलं नव्हतं.

"म्हणजे शिवलं एकाच्या मापाने, आणि बसलं दुसऱ्याला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "रंगाऱ्यांचाच माल की मग. आपलाच."

मला इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन मी आईला मिठीच मारली. तिने मला ढकललं, कारण तिच्या हाताला पीठ होतं.

हे औषध काय करतं? मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते काही द्रव्यांमार्फत, आणि निरोप पोचला की ती द्रव्यं परत ओढून घेतात. इमिप्रामिन हे परत ओढणं अडवतं, त्यामुळे निरोप जास्त वेळ टिकतो. वाचायला सोपं आहे. पण ओढणं पहिल्याच दिवशी अडतं आणि माणसाला बरं वाटायला दोन-तीन आठवडे लागतात, ते का, याचं धड उत्तर अजून कुणाकडे नाही. शिवाय या जुन्या औषधाला आपलं एकच काम करून गप्प बसता येत नाही. जाता जाता ते लाळेच्या ग्रंथींना गप्प करतं, डोळ्याची बाहुली मोठी करतं, पोट आखडतं, बोटांना बारीक कंप देतं. आणि हा त्रास दोन-तीन आठवडे थांबत नाही, तो लगेच येतो. आधी कर भरा, मग रस्ता मिळेल, असा सगळा कारभार.

रस्ता मिळाला. पावसाळा सरता सरता अप्पा आंघोळ करून आपणहून दुकानात गेले. गिऱ्हाइकाशी खांद्याच्या मापावरून भांडले. आईने त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली, भांडण झालं म्हणून.

पण सुई ओवेना. तोंडात थुंकीच नाही, तर दोऱ्याचं टोक ओलं कशाने करणार? कोरडं टोक फिसकटतं, त्याचे केस सुटतात. त्यात चष्मा लावूनही नेढं धूसर, आणि बोटं जरा हलणारी. मी वाटीत पाणी ठेवलं. पाण्याने दोरा भिजून लोळतो, टोक धरत नाही; शिवाय काकासमोर वाटीत दोरा बुडवणं अप्पांना लाजिरवाणं वाटायचं. सुई ओवायची ती पत्र्याची तार असते, ती आणली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"शाळेतल्या पोरींना दे," म्हणाले.

"अप्पा, दोरा गेल्याशी मतलब."

"तुला नाही कळायचं गं. सुम्ने राहा."

सुम्ने म्हणजे उगी, गप्प. मी गप्प राहिले नाही, पण उपयोग झाला नाही. मला कळत होतं तेही खरं. आमच्या घराण्यात एक रीत आहे, आणि अप्पांच्या पोटात भीती होती ती त्या रीतीची.

खंडेनवमीला आम्ही कात्र्या, टेप, इस्त्र्या, मशिनं धुऊन पुसून पूजतो. दुसऱ्या दिवशी, दशमीला, सगळं शहर मिरवणुकीतले हत्ती बघायला जागा धरून बसायच्या आत, सकाळीच आमच्या दुकानात जातीतली बरीच माणसं जमतात. मोहल्ल्यातल्या आमच्या देवळातल्या विठ्ठलाला त्या वर्षीचा नवा अंगरखा शिवायचा असतो. त्याचा पहिला टाका घरातला कर्ता हाताने घालतो. सुई त्याने स्वतः ओवायची, उभ्याने, सगळ्यांदेखत, दोरा तोंडात धरून. परक्यांना वाटतं, देवाच्या वस्त्राला उष्टा दोरा कसा चालतो? आमच्यात म्हणतात, कात्री ज्याच्या हातात, त्याचं तोंड उष्टं होत नाही. आणि ज्याला ओवता येईना, त्याने कात्री पुढच्याच्या हाती द्यायची आणि बाजूला बसायचं. आजोबांनी अशीच दिली होती. त्यानंतर ते दुकानाच्या पायरीवर बसून असायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करायचे आणि कुणी थांबलं नाही की नाराज व्हायचे. अप्पांनी हे रोज बघितलं होतं.

त्या वर्षीच्या दशमीला अप्पा नवा जुब्बा घालून उभे राहिले. मी धास्तावले होते. त्यांनी दोरा ओठांतून ओढला, बोटांत चपटा केला आणि पहिल्याच फटक्यात दोरा पार. सगळ्यांनी विठ्ठलाचा गजर केला. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मला वाटलं, शरीर औषधाला सरावलं. सरावतं कधी कधी. काकाने पेढे वाटले. अप्पांच्या कपाळावर घाम होता, पण दसऱ्याच्या गर्दीत कुणाला घाम नसतो?

दिवाळीच्या फराळाला ते उठलेच नाहीत.

मग सगळं आलं ते पहिल्यापेक्षा वाईट. आंघोळ नाही, बोलणं नाही, पहाटेची भिंत. मी शेजारी बसून विचारत राहिले, तेव्हा एकदाचे म्हणाले, "गोळी सोडली होती. दसऱ्याच्या आधी. ओवायचं होतं." इतकंच. हे औषध एकाएकी सोडलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळतं; लाळ सुटते, घाम फुटतो, झोप उडते. ती लाळ त्यांना हवी होती. दशमी झाल्यावर पुन्हा सुरू करू असं त्यांनी ठरवलं होतं. पण दशमी इतकी झकास झाली, लोकांनी इतकी पाठ थोपटली, की आपल्याला आता औषधाची गरजच नाही असं त्यांना वाटलं. चांगलं वाटत होतं ना! ते चांगलं वाटणं कुणाच्या जिवावर होतं हा हिशेब कोण करतो?

तो हिवाळा मला आठवायला आवडत नाही. एका सकाळी मी उठले तर आई दुकानातून कात्र्या घेऊन आली होती. मोठी कापायची, काजांची लहान, ब्लेडं, उसवायच्या सुऱ्या, सगळं एका पिशवीत. ती पिशवी तिने ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला अडकवली. काकाला काही कापायचं असलं की तो घरी येऊन कात्री मागायचा आणि कापून झालं की परत आणून द्यायचा. शिंप्याच्या घरात कात्र्यांना कुलूप. आईने कारण सांगितलं नाही आणि काकाने विचारलं नाही. मी बसमध्ये हेब्बाळपर्यंत रडत गेले आणि तिथे बसून दिवसभर गंभीर आणि साधं वेगळं करत राहिले. कोरडं तोंड, साधी तक्रार. स्क्रीनला शिव्या देता येत नाहीत, तरी मी दिल्या. त्या पुण्याच्या सहकारीने ऐकल्या आणि त्या दिवशी तिला आमची मराठी गोड वाटली नसावी.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी पट्टी आईच्या ताब्यात, आणि ती रात्री समोर उभी राहून गोळी द्यायची. डॉक्टरांनी मात्रा थोडी उतरवली, झोपताना घ्यायला सांगितलं. काही आठवड्यांनी एका सकाळी अप्पांनी चहात साखर कमी असल्याची तक्रार केली आणि आईने मागे वळून भिंतीला डोकं टेकवलं.

उन्हाळ्यात कात्र्या दुकानात परत गेल्या. अप्पा कापायला लागले. हाताची काजं मात्र काका करायला लागला, वाईट करायचा, आणि अप्पा ती बघून तोंड फिरवायचे. दसरा जवळ आला तसा त्यांनी एक दिवस विषय काढला. निदान या वेळी विचारून काढला.

"चार दिवस ती मात्रे सोडतो. मग परत घेतो. तू बघायला आहेसच की." मात्रे म्हणजे गोळी.

"नाही."

"एवढं शिकलीस, चार दिवसांचं काही निघत नाही तुझ्याकडे?"

"नाही अप्पा. ओवायचं काकाला द्या."

ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईकडे हात पसरून म्हणाले, "पट्टी इकडे दे. मी काय पोर आहे?" आईने माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले होते की बरं वाटायला लागलं की हळूहळू थोड्या थोड्या गोळ्या त्यांच्या हातात द्या. आणि नवऱ्याला किती दिवस पोरासारखं उभं करायचं, हेही तिच्या मनात असणार. तिने एका आठवड्याच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर ते घेतात की नाही हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता. आई त्यांचं उशीखालचं बघायला लागली, मी त्यांच्या ओठांकडे. पाण्याची बाटली ते जवळ ठेवत होते, पण ती नुसती आम्हाला दाखवायलाही ठेवलेली असू शकत होती. माणूस शिंपी असला तरी बनेल असू शकतो.

दशमीची सकाळ झाली. दुकान शेवंतीने भरलेलं, दारात कोहळा फोडलेला, त्यावरचं कुंकू पायरीभर. माणसं दाटीने उभी. पाटावर विठ्ठलाचा अंगरखा, पिवळ्या रेशमाचा. अप्पा जुब्बा घालून आले आणि काकाच्या हातून त्यांनी सुई घेतली. आई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं होतं.

अप्पांनी दोरा तोंडात धरला. मी देवाकडे लहानपणापासून पुष्कळ मागितलं आहे, पण असं उलटं मागणं कधी घातलं नव्हतं. विठ्ठला, जाऊ देऊ नको. दोरा जाऊ देऊ नको.

टोक नेढ्याला लागून वाकलं. त्यांनी पुन्हा ओठांतून ओढलं. ओठ कोरडे ठणठणीत, दोरा त्यांना चिकटून बसला आणि सोडवताना फिसकटला. पुन्हा. पुन्हा एकदा. बोटं थरथरत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. गजर करायला उघडलेली तोंडं हळूहळू मिटली. अप्पांचा चेहरा लाल झाला, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोकांना वाटलं असेल, बापाची फजिती बघून रडते आहे. घेत होते! रोज घेत होते ते गोळी, कुणी उभं राहिलेलं नसताना.

अप्पांनी सुई खाली केली. काकाकडे वळले आणि दुसऱ्या हाताने टेबलावरची मोठी कात्री उचलली. आजोबांनी दिली तशी ती ते देणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं.

आईने माझं मनगट सोडलं. ती माणसांतून पुढे गेली, त्यांच्या हातातली सुई आणि दोरा घेतला आणि दोऱ्याचं टोक आपल्या तोंडात घातलं.

"वहिनी," काका हळूच म्हणाला, "देवाचं आहे ते. उष्टं होईल."

आईने टोक दातांत चपटं केलं, उजेडाकडे तोंड करून सुई ओवली, आणि मगच वळली.

"देवाला नाही चाललं तर त्याने आपलं आपण ओवून घ्यावं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. मग अप्पांकडे बघून, तितक्याच मोठ्याने, "आणि ती कात्री ठेवा खाली. हे गोळी घेतात, म्हणून तोंड कोरडं पडतं. घेतात म्हणून आज इथे उभे आहेत. ऐकलं ना सगळ्यांनी? मला शिंपी असला नसला तरी चालतो. नवरा पायजे."

आमच्यात बायको चारचौघांत असं बोलत नाही. अप्पांनी कात्री कुठे ठेवायची ते न कळून ती शेवटी पाटाच्या कडेला ठेवली. मग आईसमोर तळहात केला. तिने त्यावर ओवलेली सुई ठेवली.

त्यांनी अंगरख्याची बाही उचलून पहिला टाका घातला. हात कापला आणि टाका वाकडा पडला. अप्पांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, उसवला नाही, आणि त्याच्याशेजारी दुसरा घालायला घेतला.